मुरलेल्या स्क्रॅबलपटूसमोर बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इंग्रजी स्क्रॅबलबद्दल आहेत: १५ बाय १५ चौकटींचा बोर्ड, १०० टाइल्स, समोरासमोर दोनच खेळाडू. नियम तुम्हाला येतात आणि ओळखीपाळखीच्या लोकांत तुम्ही जिंकताही. पण एखादा क्लबात मुरलेला माणूस समोर आला की दीडशे गुणांनी हरता. तुमची अवस्था अशी असेल तर पुढचं वाचा.

माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शब्द येणाऱ्या माणसाला मी हरवू शकतो का?

एखाद्या डावात, नक्की. सलग वीस डावांच्या हिशेबात, बहुधा नाही. पिशवीतून दोन्ही ब्लँक (कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या टाइल्स) आणि तीन एस तुमच्याकडे आले तर समोर कोणी का असेना, तुम्हाला संधी आहे. जगज्जेतेही स्पर्धांमध्ये डाव हरतात, कधी कधी अगदी खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंकडून.

पण ती संधी आली तरी बहुतेक जण ती वाया घालवतात. मुरलेला खेळाडू एखाददुसऱ्या भारी शब्दाने जिंकतो असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं तर तो दर पाळीला तुमच्याहून पाच-सात गुण जास्त काढत असतो आणि खेळून झाल्यावर तुमच्याहून बरी अक्षरं हातात ठेवत असतो. बारा-तेरा पाळ्यांत ही रक्कम बरीच होते. त्याची ही कमाई ज्या गोष्टींतून येते त्यातल्या निम्म्याअधिक महिन्याभरात शिकता येतात. त्याची अख्खी शब्दसंपत्ती मात्र महिन्याभरात येणार नाही, आणि तिच्यामागे लागूही नका.

माझं इंग्रजी त्याच्याहून चांगलं आहे. मी भरपूर वाचतो. तरी हरतो कसा?

कारण हा वाचनाचा खेळ नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. फ्रेंच त्याला बोलता येत नव्हतं. त्याने फक्त शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये तो स्पॅनिशमध्येही जगज्जेता झाला, आणि स्पॅनिशही त्याला येत नाही.

एक हात उलगडून पाहू. डावाची पहिली खेळी तुमची आहे आणि रॅकवर (टाइल्स ठेवायच्या पट्टीवर) आलंय: ए, ई, आय, एन, आर, टी, क्यू.

वाचनप्रेमी माणसाला यात लगेच ‘रेटिना’ दिसतो. सहा अक्षरं, बरं वाटतं. मधली चौकट डबल वर्डची (अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट) असते आणि टोकाचं अक्षर डबल लेटरवर (त्या अक्षराचे गुण दुप्पट) बसवता येतं, म्हणजे जास्तीत जास्त १४ गुण. आणि क्यू हातातच.

थोडा सराव असलेला माणूस क्यू-आय लावतो. २२ गुण, क्यू गेला, मागे ए-ई-एन-आर-टी अशी छान अक्षरं उरली. त्याच्याहून तयारीचा माणूस टी-आर-ए-एन-क्यू लावेल. ‘ट्रँक्विलायझर’चं हे छोटं रूप यादीत आहे. क्यू डबल लेटरवर आणि पहिला टी मध्यावर बसवला की ४८.

मुरलेला माणूस क्यू-आय-एन-टी-ए-आर लावतो. क्यू डबल लेटरवर, बाकी पाच अक्षरांचे पाच गुण, सगळ्याची दुप्पट: ५०. आता हा शब्द ‘रेटिना’शेजारी ठेवा. टाइल्स त्याच, फक्त ईच्या जागी क्यू खर्च झाला आणि ई हातात राहिली. फरक ३६ गुणांचा, तोही पहिल्याच पाळीत. आणि हा शब्द कादंबऱ्या वाचून भेटत नाही, तो यादीतच भेटतो.

मग आधी काय पाठ करू?

दोन अक्षरी शब्द. सगळे. याला पर्याय नाही आणि यात सवलतही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत ते १२७ आहेत, उत्तर अमेरिकेच्या यादीत १०७. रोज दहा केले तरी दोन आठवड्यांत होतात. यांच्याशिवाय मुरलेल्या माणसासमोर बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

त्यानंतर यू नसलेले क्यूचे शब्द. क्यू-आय आणि क्यू-ए-टी सर्वांत जास्त वेळा उपयोगी पडतात. क्यू-ए-आय-डी, क्यू-ओ-पी-एच, आणि आपल्या कानाला ओळखीचे ‘फकीर’ (एफ-ए-क्यू-आय-आर) व ‘तलाक’ (टी-ए-एल-ए-क्यू) हेही चालतात. मग जे, एक्स, झेड असलेले तीन अक्षरी शब्द. मग स्वरच स्वर हातात आल्यावर सोडवणारे: ई-ए-यू, ए-ए, ओ-ई, ‘ऑडिओ’, ‘अ‍ॅड्यू’. आणि स्वरच नसले तर एच-एम, एस-एच, टी-एस-के, एन-टी-एच, सी-डब्ल्यू-एम.

सात अक्षरी शब्द यानंतर. अनेक जण उलट क्रमाने जातात, कारण लांब शब्द पाठ करायला मजा येते. मजा येऊ द्या, पण गुण छोट्या शब्दांनी येतात.

यादी कोणती धरायची?

समोरचा जी धरतो ती, आणि हे डाव सुरू होण्याआधी ठरवा. कॉलिन्सची यादी मोठी आहे. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही. अर्ध्या डावात यावरून वाद घालण्यासारखं कंटाळवाणं काही नाही.

तो डावात दोन-तीन वेळा सातही टाइल्स एकदम लावतो. मला वर्षातून एकदा जमतं. हे नशीब आहे का?

थोडंसं. बाकी सगळं आदल्या खेळीत घडलेलं असतं.

साती टाइल्स एका पाळीत लावल्या की ५० गुण वरचे. याला खेळाडू बिंगो म्हणतात. बिंगो हातात ‘येत’ नाही, तो शिजवावा लागतो. प्रत्येक खेळीनंतर हातात काय उरतं याला मुरलेला माणूस तितकंच महत्त्व देतो जितकं खेळीच्या गुणांना. एक खेळी २४ गुणांची आहे पण मागे यू-यू-व्ही ठेवते, दुसरी २० गुणांची आहे आणि मागे ई-आर-एस ठेवते, तर तो न अडखळता २० घेतो. चार गुण गेले खरे, पण पुढच्या पाळीला साठ-सत्तरची शक्यता उघडी राहिली.

उरलेल्या अक्षरांत काय हवं? स्वर-व्यंजनांचा समतोल, व्यंजन एखादं जास्त. एकच अक्षर दोनदा नको, तीनदा तर नकोच, अगदी ई असली तरी तीन ई म्हणजे अडचणच. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही मंडळी एकमेकांशी सहज जुळतात. ‘रेटिना’च्या सहा अक्षरांत एक एस आला की नुसते ‘रेटिनाज’ नाही, ‘रिटेन्स’, ‘नॅस्टियर’, ‘स्टेनर’, ‘अँट्सियर’ असे बरेच शब्द तयार होतात. म्हणून सराव करणारे शब्द सुटे पाठ करत नाहीत. ‘सटायर’, ‘रेटिना’ असे सहा अक्षरांचे सांगाडे घेतात आणि प्रत्येकात सातवं कोणतं अक्षर बसतं ते घोकतात.

नको ती अक्षरं काढून टाकण्याची खेळी दिसायला फुसकी असते. हातात दोन यू, व्ही, एल अडकलेत आणि बोर्डावर एक ए मोकळी आहे, तिच्याआधी ही चार लावून ‘यूव्हुला’ करणाऱ्याला मूळ गुण जेमतेम ८ मिळतात. पण त्याने कचरा काढला आणि चार नव्या टाइल्स उचलल्या. समोरच्याची अशी खेळी पाहून ‘आज याला काही सुचत नाही’ असं समजू नका. पुढची पाळी बघा.

आणि एक अगदी साधी गोष्ट: रॅकवरच्या टाइल्स हलवत राहा. आय-एन-जी, ई-डी, ई-आर शेवटी नेऊन बघा, आर-ई, यू-एन, ओ-यू-टी पुढे आणून बघा. टाइल्स आल्या त्याच क्रमाने बघत बसलं तर समोरचा शब्दही दिसत नाही.

एस आणि ब्लँक कधी वापरावेत?

एस चारच आहेत, ब्लँक दोनच. ढोबळ हिशेब असा की एस वापरून खेळी आठ-दहा गुणांनी वाढत नसेल तर तो हातात राहू द्या. ब्लँकसाठी ही मर्यादा पंचवीस-तीसची धरा. ‘कॅट’ला एस जोडून सहा गुण घेणं म्हणजे एस फेकून देणं. त्याच एसने उभा नवा शब्द करताना आडव्या शब्दाचंही अनेकवचन झालं, तर दोन्ही शब्दांचे गुण मिळतात. एसची खरी किंमत तिथे आहे.

ब्लँक हा शून्य गुणांचा असतो म्हणून नवखे त्याला घाबरत घाबरत लवकर खर्च करतात. तसं करू नका. तो बिंगोसाठी धरून ठेवा. डाव संपत आला असेल तर गोष्ट वेगळी.

टाइल्स बदलून घेणं म्हणजे पाळी फुकट घालवणं नाही का?

हातात आय-आय-आय-यू-यू-व्ही-डब्ल्यू असताना सहा गुणांचा शब्द लावलात तर पुढची पाळीही वाया जाते, आणि बहुधा त्यापुढचीही. बदलून घेतलंत तर एकच जाते. मुरलेले खेळाडू न लाजता बदलतात. पिशवीत किमान सात टाइल्स असतील तोवरच बदलता येतं, त्यामुळे हा निर्णय शेवटावर ढकलू नका. बदलताना चांगली दोन-तीन अक्षरं मात्र धरून ठेवा, सगळी सात टाकायची वेळ क्वचितच येते.

त्याचे शब्द दोन-तीन अक्षरांचे असतात, तरी ३५-४० गुण कसे?

तो शब्द शब्दाला समांतर चिकटवतो. आपल्याला सवय असते ती शब्दाला छेदून जायची, कोड्यासारखी. समांतर लावलं की आडव्या एका शब्दाबरोबर उभे दोन-तीन छोटे शब्द तयार होतात आणि प्रत्येकाचे गुण वेगळे मोजले जातात. आता १२७ शब्दांचा आग्रह का होता ते कळेल.

सगळ्यात ठळक उदाहरण एक्सचं. ट्रिपल लेटरची चौकट रिकामी आहे, तिच्या डावीकडे ए आहे आणि वर ई. तिथे एकच टाइल ठेवायची: एक्स. आडवा ‘अ‍ॅक्स’ (ए-एक्स), उभा ‘एक्स’ (ई-एक्स). आठ त्रिक चोवीस, अधिक एक, पंचवीस. आणि तेवढेच पुन्हा उभ्या शब्दाचे. एका टाइलचे ५० गुण, म्हणजे बिंगोच्या बक्षिसाइतके. ट्रिपलऐवजी डबल लेटर असतं तरी ३४. म्हणून अशा चौकटीशेजारी स्वर ठेवताना आधी बघा, एक्स, जे, झेड, एच बाहेर पडलेत का? पडले नसतील तर ती जागा तुम्ही समोरच्याला वाढून ठेवताय.

तगड्या खेळाडूसमोर बोर्ड बंद ठेवावा, असं म्हणतात. खरं का?

अर्धवट खरं. बोर्ड कोंडला की त्याचे बिंगो कमी होतात, हे बरोबर. पण तुमचेही होतात, आणि कोंडलेल्या बोर्डावर चिंचोळ्या फटीतून गुण काढण्यात तो तुमच्यापेक्षा पटाईत आहे. वर तुम्ही बंद करण्यासाठी म्हणून दर वेळी पाच-सहा गुण सोडत गेलात तर बोर्ड बंद होतो आणि तुम्ही मागेच असता. पुढे यायला वाट उरत नाही.

माझं मत असं: सुरुवातीच्या पाळ्यांत बचावाचा विचार जवळपास करूच नका. जास्तीत जास्त गुण आणि चांगली शिल्लक, बस्स. ६०-७० गुणांनी पुढे गेलात तर मग एकेक वाट बुजवा. मागे असाल तर उघडा, आणि उघडताना एकाच वेळी दोन ठिकाणी उघडायचा प्रयत्न करा. एक जागा उघडली तर तो ती पुढच्या पाळीला बंद करतो. दोन एकदम बंद करणं त्यालाही अवघड जातं.

ट्रिपल वर्डची धास्ती मात्र प्रमाणात ठेवा. ती चौकट मोकळी झाली म्हणून जग बुडत नाही, तीन अक्षरी शब्दाचे तिथे अनेकदा विसेक गुणच होतात. भीती बाळगायची ती एकाच शब्दाने दोन ट्रिपल वर्ड जोडले जाण्याची, कारण तिथे नऊ पट होते. २००६ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या एका क्लबात मायकल क्रेस्टाने ‘क्विक्सॉट्री’ असा लावला होता. अक्षरांचे २७, एक्स डबल लेटरवर म्हणून ३५, त्याच्या नऊ पट ३१५, बिंगोचे ५०. एका शब्दाचे ३६५ गुण! तो डाव ८३० विरुद्ध ४९० असा संपला. गंमत म्हणजे दोघेही क्लबातले हौशी खेळाडू होते. शिखरावरचे खेळाडू एकमेकांना इतकी मोकळीक देत नाहीत.

त्याने लावलेला शब्द खोटा वाटतो. चॅलेंज करू का, म्हणजे यादीत तपासायला लावू का?

ते चॅलेंजचा नियम कोणता यावर ठरतं. उत्तर अमेरिकी पद्धतीत चॅलेंज चुकलं तर तुमची पाळी जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साधारणपणे शब्दामागे ५ गुण समोरच्याला मिळतात. पहिल्या पद्धतीत चुकीचं चॅलेंज महाग पडतं, कारण पाळी म्हणजे तीसेक गुण. दुसऱ्यात शंका आली की विचारून टाका, पाच गुण देऊन शब्द तरी कळतो.

नवख्यांचं नेमकं उलटं चालतं. चमत्कारिक दिसणाऱ्या शब्दावर ते आक्षेप घेतात आणि साळसूद दिसणारा सोडून देतात. मुरलेल्या माणसाने सी-डब्ल्यू-एम लावला तर तो त्याला माहीत आहे म्हणूनच लावला. तो थाप मारतो ती नेहमीच्या शब्दाला आर-ई किंवा यू-एन लावून, नाहीतर विशेषणाला ई-आर जोडून. तिथे थांबा आणि विचार करा.

मी थाप मारली तर? ते नैतिक आहे का?

स्पर्धेच्या नियमांत बसतं. शब्द लावणं म्हणजे तो खरा असल्याची ग्वाही देणं नव्हे, पकडायचं काम समोरच्याचं. पण मुरलेल्या माणसासमोर थाप क्वचितच पचते. तीन अक्षरी खोटा शब्द तर अजिबात नाही, ते त्याला सगळे तोंडपाठ असतात. लांब शब्दाबद्दल तुम्हालाच साठ टक्के खात्री असेल तर लावून बघा. घरच्या डावात मात्र आधी सगळ्यांचं काय मत आहे ते विचारा.

तो कागदावर सतत खुणा कशाच्या करत असतो?

टाइल्स मोजत असतो. १०० पैकी ४२ स्वर, ५६ व्यंजनं, २ ब्लँक. प्रत्येक खेळीनंतर बाहेर आलेली अक्षरं तो छापील यादीतून खोडतो. हे पूर्णपणे नियमात बसतं आणि तुम्हीही करायला हवं.

मधल्या टप्प्यात यातून कळतं की पिशवीत यू शिल्लक आहे का (म्हणजे क्यू धरून ठेवायचा की नाही), एस किती उरलेत, पुढे स्वर येणार की व्यंजनं. पण खरी मजा पिशवी रिकामी झाल्यावर. आता न खोडलेली अक्षरं म्हणजे समोरच्याची रॅक. पत्ते उघडे पडल्यासारखंच! त्याच्याकडे व्ही असेल आणि तो लागेल अशी बोर्डावर एकच जागा असेल, तर ती तुम्ही बुजवता. व्ही त्याच्याकडेच राहतो आणि तुम्ही दोन पाळ्यांत सावकाश संपवता.

जो आधी टाइल्स संपवतो त्याला समोरच्याच्या उरलेल्या अक्षरांचा फायदा मिळतो. डब्यावरच्या नियमांत ते गुण एकातून वजा होतात आणि दुसऱ्यात मिळवले जातात. स्पर्धेत संपवणाऱ्याला सरळ दुप्पट देतात. अंतर दोन्हीकडे तेच: क्यू हातात अडकला तर २० गुणांचा खड्डा. दहा-पंधरा गुणांनी हरलेले डाव आठवून बघा, त्यातले बरेच इथे गेलेले असतात.

सुरुवातीला सगळं मोजणं जमत नसेल तर फक्त ब्लँक, एस, क्यू, झेड, एक्स, जे एवढेच मोजा.

घड्याळ लावून खेळलो की माझं सगळं बिघडतं.

स्पर्धेत प्रत्येकाला २५ मिनिटं असतात आणि जास्तीच्या प्रत्येक मिनिटाला १० गुण कापले जातात. शेवटच्या चार-पाच पाळ्यांसाठी आठेक मिनिटं राखून ठेवा, कारण टाइल्स मोजून नीट विचार करायची वेळ तीच. दुसऱ्या पाळीला २२ की २३ यावर चार मिनिटं घालवू नका. त्याच्या पाळीत तुम्ही विचार करू शकता, हे मात्र बरेच जण विसरतात आणि खिडकीबाहेर बघतात.

त्याने पिशवीत हात घालून टाइल्स चाचपल्या असं वाटलं तर?

पिशवी डोळ्यांच्या वर धरून, नजर दुसरीकडे ठेवून टाइल्स काढायच्या, हा स्पर्धेतला नियम आहे. तुमच्या डावातही तो लागू करायला सांगा, आरोप न करता.

कॉम्प्युटरचा उपयोग होतो का?

डाव संपल्यावर, खूप. क्वॅकल हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात तुमची रॅक आणि बोर्ड भरला की तो प्रत्येक खेळी गुण आणि शिल्लक दोन्ही धरून जोखतो. याच क्वॅकलने २००६ मध्ये १९९५ चे जगज्जेते डेव्हिड बॉइज यांना सामन्यात हरवलं होतं, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तुमचा एक हरलेला डाव त्यात घाला. चुकलेले बिंगो बघून हळहळू नका, तुम्हाला येत असलेल्या शब्दांतून चांगली खेळी कुठे हुकली तेवढंच शोधा. ती यादी तुमच्या अंदाजापेक्षा लांब निघेल.

आमच्या घरात एकच जण तगडा आहे. बाकीच्यांना आता त्याच्याशी खेळायचा कंटाळा येतो. काय करावं?

त्याला शंभर गुणांनी मागून सुरुवात करायला लावणं हा सर्वांना सुचणारा उपाय, पण त्याने डाव बदलत नाही, फक्त आकडा बदलतो. त्याचा वेळ कमी करा: त्याला ८ मिनिटं, तुम्हाला २५. शिवाय दोन अक्षरी शब्दांची यादी तुमच्या बाजूला टेबलावर उघडी ठेवा आणि चॅलेंज चुकलं तर तुम्हाला दंड नाही, त्याला आहे, असं ठरवा. यादी काही डावांनी आपोआप पाठ होते, मग ती काढून टाका आणि त्याला दोन मिनिटं परत द्या.